तायडे गुरुजींचं विवर

गुरुवारी सकाळी संगम चौकात मी स्कूटीचा ब्रेक इतका करकचून दाबला की मागून येणाऱ्या दूधवाल्याच्या किटल्या एकमेकींवर आपटल्या. त्याने मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. चूक माझीच होती. पण समोर खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर माझे बाबा होते. जाऊन वर्ष होत आलेले माझे बाबा, सुटाबुटात. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. कोणाच्या तरी धडावर त्यांचं डोकं बसवून दिलं होतं आणि मान एका बाजूने जरा उरली होती. वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बुलढाणा जिल्ह्याचे नाव चंद्रावर! कालकथित के. एस. तायडे गुरुजी यांच्या नावाचे विवर, चंद्राच्या काळ्या बाजूवर!' खाली रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावी, रोहिणखेडच्या बुद्ध विहारात प्रथम स्मृतिदिन, पुण्यानुमोदन आणि प्रमाणपत्राचे अनावरण. निमंत्रक, मुलगा प्रसेनजित. प्रमुख वक्त्या, प्रा. रेणुका खिल्लारे. म्हणजे मी. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि चंद्रावरचं विवर म्हणून जो फोटो छापला होता तो लोणारच्या सरोवराचा होता. हिरवं पाणी, काठाने झाडी आणि कोपऱ्यात देवळाचा कळस. चंद्रावर देऊळ.

मला रडू वगैरे आलं नाही. संताप आला, आणि तो नेहमीप्रमाणे एकदम कुठे काढावा ते समजेना. पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या पोरांना भूगोल शिकवते आणि दर वर्षी पहिल्या आठवड्यात कोणीतरी उठून 'मॅडम, चंद्राची काळी बाजू' म्हणतो. दर वर्षी मी सांगते की बाबा रे, काळी नाही, मागची. आपल्याला दिसत नाही एवढंच, ऊन तिथेही पडतं, सलग चौदा दिवस पडतं. हे मी बाबांकडूनच शिकले. सातवीत ते आमच्या वर्गावर होते. दुपारी ते सगळ्या वर्गाला पटांगणात न्यायचे, एका पोराला खुर्चीवर बसवायचे, ती पृथ्वी. आणि स्वतः चंद्र व्हायचे. खुर्चीभोवती कडेकडेने पावलं टाकत फिरायचे, तोंड सतत त्या पोराकडे. तो पोरगा खुर्चीवर वळत वळत त्यांच्याकडे बघायचा. एक फेरी झाली की विचारायचे, "माझी पाठ दिसली का तुला?" नाही, गुरुजी. "आणि तुम्हाला?" आम्ही बाकीचे सगळे गोल उभे असायचो, आम्ही ओरडायचो, दिसली! "पाठीवर ऊन पडलं का?" पडलं! "मग काळी बाजू कोणी काढली?" सगळे हसायचे. मी नाही हसायचे, कारण बाबांच्या सदऱ्याला मागून खांद्याच्या खाली ठिगळ होतं. मायने त्यातल्या त्यात मिळत्या रंगाचं लावलं होतं, पण उन्हात ते वेगळं उठून दिसायचं. मला वाटायचं, त्यांनी हा धडा फळ्यावर शिकवावा. आता तेच ऊन, तोच चंद्र, आणि चौकात आठ बाय दहावर 'काळ्या बाजूवर'. बाबा असते तर स्टूल मागवून वर चढले असते आणि लाल पेनाने खोडून आले असते.

कॉलेजच्या फाटकातच शिपाई मोतीराम हात जोडून उभा. "मॅडम, अभिनंदन. तुमचे वडील चंद्रावर गेले म्हंतात." मी म्हटलं, गेले नाहीत, वारले. तो म्हणाला, "हाव, पण आता नाव झालं ना." स्टाफरूममध्ये टाळ्या. प्राचार्यांनी नोटीस काढायची ठरवली होती, 'आपल्या सहकारी प्राध्यापिकेच्या वडिलांचा अंतराळात गौरव'. मी तिथेच खुलासा करू शकत होते. खरं तर दोन वाक्यांचं काम होतं. चंद्रावरच्या खड्ड्यांना नावं देण्याचा अधिकार जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेला आहे, ती नावं विकत मिळत नाहीत. इंटरनेटवर जो कागद मिळतो तो कोणीही घरच्या प्रिंटरवर काढावा. हे सांगितलं की संपलं. पण हे स्टाफरूममध्ये सांगायचं म्हणजे माझा भाऊ मूर्ख ठरणार, आणि माझ्या भावाला मूर्ख म्हणायचा हक्क मी अजून कोणाला दिलेला नाही. मी चहा न घेता जिन्यात गेले आणि त्याला फोन लावला.

"प्रसेन, काय लावलं बे हे?"

"काऊन ताई? फोटो चांगला नाही आला का?"

"चंद्रावर देऊळ हाये त्या फोटोत."

"हाव, ते फ्लेक्सवाल्यानं टाकलं. त्याले म्हटलं विवर पाह्यजे, तं त्यानं आपल्याच जिल्ह्यातलं टाकलं. लोकायले लवकर समजते."

मी त्याला ती दोन वाक्यं सांगितली. तो मलकापूरला मोटारसायकलींच्या शोरूममध्ये आहे, गिऱ्हाईक कितीही तापलं तरी आवाज चढवत नाही. तसाच माझ्याशी बोलला. "खोटं कसं ताई? त्याच्यावर शिक्का हाये. अक्षांश-रेखांश हायेत." मी म्हटलं, अक्षांश-रेखांश तर माझ्या स्वयंपाकघरालाही आहेत. मागून कोणीतरी गाडी चालू करून बघत होतं.

"मायले सांगून ठेवलं हाये म्या," तो म्हणाला. "ती दिवस मावळला का अंगणात खाट टाकून वर पाह्यत बसते. बाबा गेल्यापासून पह्यल्यांदा दोन भाकरी खाऊन राह्यली ती."

"ती बाजू इकडून दिसतच नाही, प्रसेन."

"हे तिले सांगाची काय गरज हाये? तू भाषण कर नाहीतं नोको करू. पण तिच्यासमोर त्याले खोटं म्हणजो नोको."

फोन ठेवून मी जिन्यातच उभी राहिले. रविवारी माईकसमोर खरं सांगायचं तर मायची भाकर काढून घ्यायची, आणि सगळ्या गावासमोर भावाचं हसं करायचं. आणि हो ला हो म्हणायचं तर ज्या माणसाने आयुष्यभर खोट्याला खोटं म्हटलं त्याच्याच स्मृतिदिनाला, त्याच्याच नावाने, भूगोलाची बाई म्हणून खोटं बोलायचं. प्रसेनजितला यातलं काहीच कसं दिसत नाही, याने माझं डोकं उठलं. लहानपणापासून हा असाच. एखादी गोष्ट चांगली दिसत असेल तर खरी आहे का हे तो विचारत नाही.

आणि 'के. एस.'! तेही त्यालाच सुचणार. बाबांचं नाव कचरू. कचरू सखाराम तायडे. आजीची आधीची चार लेकरं सहा महिन्यांच्या आत गेली होती. पाचवं झालं तेव्हा म्हाताऱ्या बायांनी त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने कचऱ्यातून उचलून आणल्यासारखं आणून आजीच्या ओटीत टाकलं आणि नाव ठेवलं कचरू. इतकं टाकाऊ नाव की मरणाचीसुद्धा त्याच्यावर नजर पडू नये. आमच्याकडे असे कचरू, उकंडराव घरटी एक निघतील, आणि त्या प्रत्येकाच्या मागे न जगलेली भावंडं असतात. बाबा हे वर्गात उघड सांगायचे. सांगायचे की पोरं उकिरड्याने जगत नसतात, लसीने जगतात. मी जगलो ते योगायोगाने. मग नाव बदलत का नाही, गुरुजी? गॅझेटमध्ये बदलून मिळतं. धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या घरात तर कितीकांनी बदललं. ते म्हणायचे, "चार लेकरं पुरून आलेल्या बाईनं ठेवलेलं नाव हाये. ते मी खोडू? कोणत्या पेनानं?" आमची नावं मात्र त्यांनीच ठेवली, रेणुका, प्रसेनजित, आणि मग त्यांच्यामागे स्वतःचं नाव लावून दिलं, कारण शाळेचा फॉर्म तसाच असतो. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हजेरीला पुकारा झाला की 'प्रसेनजित' म्हणेपर्यंत सगळे गप्प असायचे आणि 'कचरू' आलं की मागच्या बाकांवरून खसखस. कचराकुंडी, घंटागाडी, काय काय म्हणायचे त्याला. एकदा मारामारी करून ओठ फोडून आला तर बाबांनी विचारलं, कशावरून झाली? तो सांगेना. मला माहीत होतं, मीही सांगितलं नाही. बाबांनी त्याच्या ओठाला हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच वर्गात हजेरी घेतली, पूर्ण नावाने, नेहमीसारखी.

शुक्रवार-शनिवार मी भाषण लिहिलं. चार वेळा. पहिलं चार ओळींचं होतं आणि वाचलं असतं तर प्रसेनजितने माझ्याशी जन्मभर अबोला धरला असता. दुसऱ्यात मी विवराचा विषयच टाळला होता, ते वाचून माझीच मला लाज वाटली. तिसऱ्यात चंद्राच्या मागच्या बाजूची शास्त्रीय माहिती होती. समोरच्या बाजूचं कवच पातळ, आतला लाव्हा वर आला, जुने खड्डे भरून निघाले, म्हणून आपल्याला दिसतो तो चंद्र बऱ्यापैकी गुळगुळीत. मागचं कवच जाड, तिथे लाव्हा फारसा वर आलाच नाही. जे घाव बसले ते सगळे जसेच्या तसे उघडे, एकावर एक. हे लिहून मी पेन खाली ठेवलं. वाक्यं सगळी खरी होती, आणि तरी मी लबाडी करते आहे असं वाटत होतं. चौथं फाडून टाकलं.

रविवारी सकाळी आठला मी एकटीच गावाकडे निघाले. राजूर घाटात उतरताना डावीकडे, डोंगराच्या काठावर, चंद्र होता. पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते, पांढुरका, मावळायच्या बेतात, आणि आमच्याकडे तोच चेहरा करून. मी त्याच्यावरही वैतागले. सगळ्या जगाला एकच बाजू दाखवत फिरायचं, आणि ठिगळ मागे. आणि मग तिसऱ्या वळणावर, काही कारण नसताना, मला माझी लग्नपत्रिका आठवली. म्हणजे कारण होतं. गुरुवारपासून मी जे आठवायचं टाळत होते ते हेच. पत्रिकेचा मजकूर मी स्वतः छापखान्यात देऊन आले होते. 'श्री. के. एस. तायडे यांची कन्या.' सासरचे शहरातले, शिकलेले. मी म्हटलं, छोटंसं तर आहे, सगळेच तसं छापतात. प्रूफ घरी आलं तेव्हा बाबा ओसरीवर बसले. लाल पेन काढलं. मी दारात उभी होते. त्यांनी सगळं वाचलं, वरून खालपर्यंत, एकेका शब्दावर पेनाचं टोक ठेवत. पहिल्याच ओळीवर ते टोक जरा जास्त वेळ थांबलं. मग खाली गेलं. खाली लिहिलं होतं, विवाहस्थळ एस.टी. स्टँडच्या उत्तरेस. त्यांनी 'उत्तरेस' खोडून 'दक्षिणेस' केलं, आणि कागद माझ्या हातात दिला. "बाकी बरोबर हाये," म्हणाले. आयुष्यात त्यांनी सोडून दिलेली ती एकच चूक मला माहीत आहे. नंतर लग्न झालं आणि माझं मधलं नाव आपोआपच सुटलं. बाईला ती सोय असते. प्रसेनजितला नव्हती. तो आजही प्रत्येक काउंटरवर, प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक टोकनच्या पुकाऱ्यात प्रसेनजित कचरू तायडेच आहे. आणि मी त्याला 'के. एस.' वरून शिव्या घालत घाट उतरत होते. स्कूटी बाजूला घेऊन मी दोन मिनिटं उभी राहिले. वानरं कठड्यावर बसून माझ्या पिशवीकडे बघत होती.

विहार भरलं होतं. मशिदीकडच्या गल्लीतले बाबांचे जुने विद्यार्थीही आले होते, आता त्यांच्याही दाढ्या पिकलेल्या. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजींनी चार शब्द सांगितले. विहार समितीचे दयारामभाऊ सूत्रसंचालन करत होते आणि दर वाक्यात 'अंतराळ' आणत होते. पुढे खुर्चीवर माय, पांढऱ्या लुगड्यात, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मला बघून हसली. एवढी मोकळी हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं, आणि माझा सगळा धीर गेला. प्रसेनजितने अनावरण केलं. सोनेरी फ्रेम, वर इंग्रजी, खाली त्याने मराठी तर्जुमा करून घेतलेला. टाळ्या झाल्या. "आता आपल्या रेणुकाताई या विवराची शास्त्रीय माहिती देतील," दयारामभाऊ म्हणाले आणि मी माईकपाशी गेले. काय बोलणार होते ते मला अजूनही सांगता येत नाही.

"थांब," माय म्हणाली. "मले पाहू दे आंधी."

प्रसेनजितने फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. मायला वाचता येत नाही. बाबांनी तिला एक पावसाळाभर पाटीवर फक्त सही शिकवली होती, जनकाबाई कचरू तायडे, अंगठा लावायची वेळ येऊ नये म्हणून. तेवढी अक्षरं तिला येतात, पुढेमागे काही नाही. तिने काचेवर बोट ठेवलं आणि मराठी ओळींवरून हळूहळू फिरवलं. सगळे कौतुकाने बघत होते. बोट एका जागी थांबलं, मागे आलं, परत गेलं.

"प्रसेन, इथं क हाये. च कुठी हाये?"

मी वाकून पाहिलं. 'कश्यप तायडे विवर'. 'के. एस.'सुद्धा नाही. कश्यप.

"माय, ते कश्यप लिहिलं हाये," तो म्हणाला. "धम्मातलं नाव हाये. चांगलं वाटते."

"कोण हाये हा कश्यप?"

"बाबाच."

"त्यायचं नाव कचरू व्हतं."

प्रसेनजित माईकच्या अगदी जवळ उभा होता, त्यामुळे तो जे पुटपुटला ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. "लय हसले माय लोकं त्या नावाले. शाळेत हसले, बँकेत हसले, दवाखान्यात बाबाचा शेवटचा नंबर पुकारला तव्हाही दोघंजण हसले. म्या पाह्यलं. म्हटलं, तिथं तरी कोणी हसाले नाही पाह्यजे."

त्या दवाखान्याच्या बाकावर मीही होते. मीही पाहिलं होतं, आणि मोबाइलमध्ये बघितल्यासारखं केलं होतं. तीन दिवस जपून ठेवलेला सगळा राग कुठे ठेवू ते मला समजेना. मी माईक हातात घेतला. तो किंचाळला, दयारामभाऊंनी बटण फिरवलं.

"मी रेणुका कचरू तायडे," मी म्हटलं. लग्नाआधी, बोर्डाच्या परीक्षेच्या हॉलमध्ये, हे शेवटचं मोठ्याने म्हटलं होतं. "नाव माह्या भावानं एकट्यानं नाही लपवलं. माह्या लग्नाच्या पत्रिकेवर म्या लपवलं, बाबायच्या डोळ्यासमोर. त्यायनं पाह्यलं आणि काही म्हटलं नाही." थांबले असते तर पुढचं राहून गेलं असतं. "आणि हा कागद खोटा हाये. चंद्रावरचं नाव विकत भेटत नाही. तिथं कश्यपही नाही आणि कचरूही नाही. चंद्राच्या मांगं काळोखही नाही, तिथं ऊन पडते. हे तुम्हाले बाबायनं शिकवलेलं हाये, इथं बसलेल्या सगळ्यायले." मागून कोणीतरी म्हातारा "हाव गुरुजी" म्हणाला, सवयीने, आणि कोणी हसलं नाही.

मी मायकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. ती फ्रेम तशीच मांडीवर घेऊन बसली होती.

"खोटा हाये कागद?" तिने विचारलं.

"हाव माय."

"सरकारी नाही ना?"

"नाही."

"मंग त्याच्यावर लिहिलं तं चालते," ती म्हणाली. "काच काढ, प्रसेन."

प्रसेनजितने डोळे बाहीला पुसले, फ्रेम उलटी केली, मागचे चाप वर केले आणि कागद काढून तिच्यापुढे धरला. मी पर्समधून पेन दिलं. पेपर तपासायचं, लाल. मायने ते मुठीत धरलं, 'कश्यप'च्या वर कोऱ्या जागेत टेकवलं आणि थांबली.

"मले मधूनच नाही लिहिता येत," ती मला म्हणाली. "सुरूपासून घ्या लागते."

तिने सुरूपासून घेतलं. ज, मग न, कागद प्रसेनजितच्या हातावर वाकत होता, दयारामभाऊंनी खालून वही धरली. सगळं विहार तिच्या पेनाकडे बघत होतं. बराच वेळ लागला. 'जनकाबाई कचरू' एवढं झाल्यावर तिने पेन उचललं, आडनाव खाली छापलेलंच होतं, ते लिहिलंच नाही, आणि कागद माझ्या हातात दिला.

"वाच," म्हणाली. "माईकवर वाच."

मी वाचलं.